विश्लेषण : ट्रकच्या मागच्या जोडीतला आतला टायर पुन्हा पुन्हा का बसतो? ऊस हंगामात हे दुखणे महागात का पडते?

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव. दिवाळी सरली की या भागातून ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या बाहेर पडतात. काही गाड्या जवळच्या कारखान्यांना ऊस वाहतात, काही पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात. याच दिवसांत पंक्चरच्या दुकानांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. मागच्या जोडीतला आतला टायर बसलेला असतो. हवा भरून गाडी निघते आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. ट्यूब काढून पॅच मारला तर आठवडाभर बरे, मग पुन्हा तेच.

अशा वेळी ‘पंक्चर सापडत नाही’ म्हणून रोज हवा भरत राहण्याकडे कल असतो. पण पुन्हा पुन्हा हवा उतरणे याचा अर्थ एकच, मूळ कारण अजून सापडलेले नाही. ते कसे शोधायचे, आणि शोधले नाही तर काय होते, ते पाहू.

हा प्रश्न आत्ताच का?

राज्याचा २०२५-२६चा गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यात गोदावरी आणि सिंदफणाकाठच्या गावांत पुराचे पाणी शिरले, शेतरस्ते आणि गावरस्ते उखडले. ऊस भरायला ट्रक फडात जातो, चिखलातून किंवा दगडगोट्यांतून बाहेर निघतो, गावरस्त्याने येतो आणि मग गढी-गेवराईजवळ सोलापूर-धुळे महामार्गाला लागतो. एकाच खेपेत टायरला तीन प्रकारचे रस्ते सोसावे लागतात. चिखल-पाण्यामुळे रिमला गंज धरतो, फडातले दगड दोन टायरच्या फटीत अडकतात आणि वर उसाचे वजन असतेच.

ट्रक थांबला की फक्त मालकाचेच नुकसान होते असे नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा लागतो, नंतर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात. गाडी रस्त्यात उभी राहिली तर टोळीची खेप बुडते आणि उचल फेडायला घेतलेला कामाचा दिवस रिकामा जातो. शिवाय स्थलांतराच्या दिवसांत याच गाड्यांत संसार, शेळ्या आणि लेकरांसह कुटुंबे बसलेली असतात. म्हणून हा प्रश्न खर्चाइतकाच सुरक्षेचाही आहे.

आतल्या टायरचाच त्रास जास्त का?

सहाचाकी ट्रकच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असतात. दहाचाकीत असे दोन एक्सल येतात. प्रत्येक जोडीत एक टायर बाहेर दिसतो आणि दुसरा त्याच्या मागे लपलेला असतो.

लपलेला टायर सहसा तपासलाच जात नाही. त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या भोकातून शोधावा लागतो आणि चिखल असेल तर तोही दिसत नाही. आतल्या टायरला वारा कमी लागतो, आणि ब्रेक ड्रमची उष्णता जवळून लागते. रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असेल तर आतल्या टायरवर थोडा जास्त भारही येतो. त्यात जोडीतला एक टायर बसला तरी दुसरा गाडी तोलून धरतो. गाडी झुकत नाही, त्यामुळे चालकाला काही कळत नाही. पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग लगेच सांगते. मागचा आतला टायर मात्र गुपचूप बसतो.

एक टायर बसला तर दुसऱ्यावर किती भार येतो?

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, आणि सहाचाकी ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत गेले. म्हणजे मर्यादेत भरलेल्या गाडीतही मागच्या प्रत्येक टायरवर सरासरी २,८७५ किलो भार येतो.

टायरच्या बाजूवर छापलेल्या मजकुरात १४९/१४६ अशी आकड्यांची जोडी दिसते. पहिला आकडा टायर एकटा लावल्यास झेपणाऱ्या भाराचा सांकेतिक क्रमांक असतो, दुसरा जोडीत लावल्यावरचा. १४९ म्हणजे ३,२५० किलो आणि १४६ म्हणजे ३,००० किलो. जोडीत दोन टायर कधीच अगदी सारखा भार वाटून घेत नाहीत, म्हणून जोडीतली क्षमता मुद्दाम कमी धरलेली असते.

आता आतला टायर पूर्ण बसला असे समजा. त्या बाजूचा सगळा ५,७५० किलो भार बाहेरच्या एकट्या टायरवर येतो. त्याची एकट्याची क्षमता ३,२५० किलो. म्हणजे क्षमतेच्या पावणेदोन पट भार, तोही गाडी मर्यादेत भरली असेल तर. ऊस जादा भरला असेल तर हिशेब आणखी बिघडतो. बसलेला टायरही नुसता लटकत नाही. तो जोडीदाराबरोबर फिरतो, दबतो, घासतो आणि तापतो. रबर पेट घेण्याइतके तापले तर वर उसाचे वाळलेले पाचट असते, हे विसरून चालत नाही.

हवा खरेच उतरली, की थंडीने कमी दिसते?

कारण शोधण्याआधी हे तपासायला हवे. तापमान घटले की बंद टायरमधला दाब आपोआप घटतो. दुपारी ३० अंश सेल्सियसला थंड टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १२ अंशांवर आला, तर एक थेंबही गळती नसताना काटा साधारण ११२ दाखवेल.

खरी फसगत गरम टायरमध्ये होते. धावून आलेल्या टायरमधली हवा ६५ अंशांपर्यंत तापली आहे आणि त्या वेळी चालकाने १२० पीएसआय भरून घेतले, असे समजा. तोच टायर ३० अंशांना थंड झाल्यावर साधारण १०६ दाखवेल आणि १२ अंशांच्या पहाटे ९९. चालक म्हणेल, ‘रात्रीत २१ पीएसआय उतरली.’ प्रत्यक्षात गळती नव्हतीच, हवा मुळात कमी भरली होती.

उलटी चूकही तितकीच घातक. गरम टायरचा काटा जास्त दिसतो म्हणून काही जण हवा सोडतात. टायर थंड झाला की तो कमी दाबाचा झालेला असतो.

यावर उपाय साधा आहे. गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, शक्यतो रोज पहाटे एकाच वेळी, एकाच गेजने दाब मोजावा. आकडा वहीत लिहावा. टॉमी किंवा हातोडी मारून आवाजावरून पूर्ण बसलेला टायर ओळखू येतो, पण १२० आणि १०० मधला फरक कानाला कळत नाही. इथे १२० हा आकडा फक्त उदाहरणादाखल आहे. तुमच्या गाडीचा योग्य दाब टायरच्या मापावर, प्रकारावर आणि भारावर ठरतो. तो टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतो.

वहीतले आकडे काय सांगतात?

चार-पाच दिवसांच्या नोंदींतूनच बरीच दिशा मिळते.

• जोडीतले दोन्ही टायर सारखेच कमी-जास्त होत असतील, तर तो हवामानाचा परिणाम.

• एकच टायर एका रात्रीत पूर्ण बसत असेल, तर ठळक पंक्चर किंवा तुटलेला व्हॉल्व्ह.

• आठवड्यात १०-१५ पीएसआय उतरत असेल, तर संशय व्हॉल्व्हची पिन, एक्सटेंशन पाइप किंवा रिमच्या गंजावर.

• उभ्या गाडीत हवा टिकते पण धावल्यावर उतरते, तर हादऱ्याने सैल होणारा जोड किंवा टायरमधून डोकावणारी तार.

• फक्त भरलेल्या गाडीत उतरते, तर रिमला तडा किंवा दोन टायर एकमेकांना घासणे.

पहिला संशय कोणावर घ्यावा?

व्हॉल्व्हवर. खर्च सर्वांत कमी आणि दोष सापडण्याची शक्यता चांगली. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडा हळूहळू फुगला तर पिन सैल आहे किंवा तिच्यात माती गेली आहे. पिन काही रुपयांत मिळते, ती घट्ट करून पाहावी, नाहीतर बदलावी. टोपण नसणे हे याचे नेहमीचे कारण. आत रबरी वॉशर असलेले धातूचे टोपण धूळ अडवते आणि पिन गळू लागली तर काही प्रमाणात हवाही धरून ठेवते.

यानंतर येतो एक्सटेंशन पाइप. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून बाहेरच्या डिस्कपर्यंत हा पाइप आणलेला असतो. अनेक एक्सटेंशन बसवल्यावर मूळ व्हॉल्व्हची पिन कायम दाबलेली राहते किंवा ती काढूनच टाकलेली असते. म्हणजे हवा अडवण्याचे काम पाइपाच्या दोन जोडांवर आणि टोकाच्या पिनेवर येते. पाइप नीट बांधलेला नसेल तर तो डिस्कवर आपटतो, जोड सैल होतो, रबराला चीर पडते. अशा वेळी टायर आणि ट्यूब दोन्ही निर्दोष असतात, पण पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसतो. पाइप तोवर बाजूला काढून ठेवलेला असतो, मग पाण्यात काही दिसणार कसे?

याची चाचणी सोपी आहे. एक्सटेंशन काढावे, मूळ व्हॉल्व्हला नवी पिन आणि धातूचे टोपण लावावे आणि दोन दिवस दाब मोजावा. हवा टिकली तर गुन्हेगार सापडला.

चाके चढवताना आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह समोरासमोरच्या बाजूंना, डिस्कच्या भोकासमोर येतील असे बसवले तर दोन्ही तपासणे सोपे जाते.

ट्यूबच पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर?

भोक ट्यूबच्या कोणत्या भागात पडले आहे ते पाहावे. पॅच मारण्याआधीचा हा एक मिनिट फार महत्त्वाचा. त्यासाठी चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण करावी. ट्यूब काढून फुगवली की भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला आहे ते मोजता येते. तेवढ्याच अंतरावर टायर, फ्लॅप आणि रिम तपासावे.

भोक रस्त्याकडच्या बाजूला असेल तर टायरमध्ये खिळ्याचे टोक, काटा किंवा तुटलेली पोलादी तार राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवला की तो जिथे अडकतो तिथे तार असते.

भोक रिमकडच्या बाजूला असेल तर दोष फ्लॅपला पडलेली घडी किंवा चीर, नाहीतर रिमवरचा गंज. गंज घासून, रंग देऊन, नवा फ्लॅप घालावा लागतो.

व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटत असेल तर ट्यूब टायरच्या आत सरकते आहे. कमी हवेवर गाडी चालवली की हे होते. इथे नवी ट्यूब टाकूनही दाब पाळला नाही तर तीही तिथेच फाटेल.

घडी पडून लांबट चीर गेली असेल तर ट्यूब मोठ्या मापाची किंवा जुनी, ताणलेली आहे. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालून केलेली बचत अशी अंगलट येते.

टायर ट्यूबलेस असेल तर?

तिथे तीन जागा पाहाव्या लागतात. टायरची कडा रिमला बसते तिथला गंज, व्हॉल्व्हच्या बुडाचे रबरी वॉशर आणि रिमचा तडा. साबणाचे पाणी रिमच्या पूर्ण घेरावर टाकून पाहावे. तडा बहुतेक वेळा डिस्कच्या भोकांजवळ किंवा जोडाजवळ असतो आणि रिकाम्या गाडीत तो मिटलेला राहतो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरू नये, ती बदलावी. बाहेरून नुसती दोरी घालून केलेली दुरुस्ती तात्पुरती समजावी. कायमचे काम टायर उतरवून, आतून पॅच लावूनच होते.

टायर, ट्यूब, पिन सगळे बदलले, तरी हवा उतरते. आता?

आता खरा उपयोग होतो तो अदलाबदलीच्या चाचणीचा. आतले चाक बाहेर आणि बाहेरचे आत लावावे, किंवा डावी-उजवी बदल करावी. मग एकच प्रश्न विचारावा, दोष चाकाबरोबर गेला की जागेवरच राहिला?

दोष चाकाबरोबर गेला तर तो टायर, ट्यूब, फ्लॅप, व्हॉल्व्ह किंवा रिममध्येच आहे. दुसरीकडे शोधू नये.

दोष जागेवरच राहिला, म्हणजे त्या ठिकाणी कोणतेही चाक लावले तरी हवा उतरते, तर टायरवाल्याकडे नव्हे, मेकॅनिककडे जायला हवे. सर्वांत आधी ब्रेक. ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर ड्रम सतत तापतो आणि ती धग आतल्या चाकाची रिम, व्हॉल्व्हचे रबर आणि फ्लॅप यांना भाजून काढते. खेप संपल्यावर चारही ड्रमजवळ हाताचा पंजा धरून पाहावा, स्पर्श करू नये. एकच ड्रम जास्त धगधगत असेल तर तिथे काम आहे.

दुसरे कारण जोडीतली फट. दोन टायरमध्ये दगड अडकला तर तो दोघांच्या बाजू कापतो. प्रत्येक खेपेनंतर ही फट पाहायला हवी. जादा भाराने किंवा कमी हवेने टायर दबून एकमेकांना घासत असतील, तर आतल्या बाजूंवर घासल्याचे गुळगुळीत पट्टे दिसतात.

तिसरे कारण बेमेळ जोडी. एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला किंवा रिमोल्ड असेल, तर मोठ्यावर भार जास्त आणि छोटा फरफटत जातो. जोडीतल्या व्यासात साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, हा टायर व्यवसायातला जुना दंडक आहे. फरक इतकासाच वाटतो, पण हिशेब पाहा. ६ मिलिमीटर व्यासाच्या फरकाने घेरात सुमारे १९ मिलिमीटर फरक पडतो. १०.०० आर २० मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३०० वेळा फिरतो. म्हणजे दर किलोमीटरला जवळपास साडेपाच मीटर आणि १०० किलोमीटरच्या खेपेत अर्ध्या किलोमीटरहून जास्त घासाघीस. त्यातून उष्णता, त्यातून झीज, आणि शेवटी पुन्हा हवा उतरणे.

चाक उघडताना आणि हवा भरताना कोणता धोका असतो?

इथे घाई जिवावर बेतते. जुन्या पद्धतीच्या डिस्कला लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल किंवा गंजली असेल तर हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी उडते. हवा भरताना टायर पिंजऱ्यात ठेवावा, पिंजरा नसेल तर निदान रिंगच्या समोर कोणी उभे राहू नये आणि लांब पाइपाने बाजूने हवा भरावी. जोडीचे नट सैल करण्याआधी दोन्ही टायरच्या पिना काढून हवा पूर्ण सोडावी. आतल्या रिमला तडा असेल तर नट सुटताच ती फुटू शकते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेल्या टायरमध्ये, म्हणजे १२०च्या टायरमध्ये ९६ किंवा कमी हवा असेल, तर बाजूच्या पोलादी तारा आतून थकलेल्या असू शकतात. असा टायर परत फुगवताना बाजू चेनसारखी फाटते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार असा टायर आधी उतरवून आतून तपासावा लागतो, मगच हवा भरता येते. आपल्याकडे रस्त्याकडेला बसलेल्या टायरमध्ये थेट हवा भरून गाडी पुढे काढली जाते. ही सवय मोडायला हवी.

टायर स्वस्त झाले आहेत, मग सरळ नवेच का घेऊ नयेत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करपूर्व किंमत २० हजार रुपये धरली तर आधी २५,६०० रुपये लागत, आता २३,६०० लागतात. २,००० रुपयांचा हा दिलासा खरा आहे. पण दोष एक्सटेंशनमध्ये, ब्रेकमध्ये किंवा रिममध्ये असेल तर नवा टायरही त्याच जागी बसेल, आणि कमी हवेवर दोन-चार खेपा झाल्या की तोही वाया जाईल. बदलायचाच असेल तर जोडीचा मेळ पाहून बदलावा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो नियमानेही रस्त्यावर चालत नाही.

जादा भाराचे गणितही याच हिशेबात धरावे लागते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा माल भरल्यास २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. पण दंड पकडले गेल्यावर भरावा लागतो. टायर मात्र प्रत्येक खेपेला किंमत वसूल करतो.

मग चालक-मालकाने नेमके काय करावे?

एक चांगला गेज, एक वही, साबणाच्या पाण्याची बाटली आणि खडू. पहाटे गाडी सुरू करण्याआधी सहाही किंवा दहाही टायरचा दाब लिहावा, आतल्यांचा आधी. एकाच टायरची हवा दुसऱ्यांदा उतरली की नुसती हवा भरून निघू नये. क्रम ठरलेला असावा, पिन, एक्सटेंशन, ट्यूबवरच्या भोकाची जागा, रिम, आणि मग अदलाबदल करून ब्रेक. व्हॉल्व्हच्या टोपणाजागी बसणारे आणि मोबाइलवर किंवा केबिनमध्ये दाब दाखवणारे सेन्सर बाजारात मिळतात. ते उपयोगी आहेत, पण तेही हवा उतरल्याचे सांगतात, का उतरली ते सांगत नाहीत.

ते शोधायला एक सकाळ जाते. हंगामात एक सकाळ घालवणे जिवावर येते हे खरे, पण फडापासून काट्यापर्यंतच्या वाटेत भरलेली गाडी एका टायरवर उभी राहिली, तर जाणारा वेळ त्याहून कितीतरी मोठा असतो.